फ्लॉपीची पहिली चिठ्ठी

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाचे वाहन येऊन उभे राहिले, की तेथील कारकून प्रथम चिठ्ठी मागतो. उसाकडे तो नंतर पाहतो. ऊस कोणाचा, कोणत्या गावचा, कोणत्या शेतातला, हे त्या चिठ्ठीवरून कळते. चिठ्ठी हरवली म्हणून उसातली साखर कमी होत नाही; परंतु त्या उसाचा हिशेब मात्र कोणालाच लावता येत नाही. आमच्या चलथाणमध्ये सहकारी साखर कारखाना आहे आणि त्याच्या भोवताली सुरतेच्या कापडधंद्याचा मोठा पसारा आहे. त्यामुळे मालाच्या आधी मालावरची चिठ्ठी पाहावी, ही गोष्ट येथील माणसाला निराळी शिकवावी लागत नाही. आज ज्या चिठ्ठीविषयी मी बोलणार आहे, ती संगणकाच्या फ्लॉपीवर लिहिलेली असते. ती डोळ्यांनी दिसत नाही, हाताला लागत नाही. तथापि ती वाचल्यावाचून फ्लॉपीवरील एकही अक्षर संगणकाला सापडत नाही.

श्रोत्यांपैकी काहींच्या मनात येईल, की फ्लॉपी तर आता इतिहासजमा झाली. मग तिची चर्चा कशाला? शंका रास्त आहे. सोनी या जपानी कंपनीने २०११ साली फ्लॉपीचे उत्पादन थांबवले, आणि आजच्या विद्यार्थ्याने ती वस्तू पाहिलेलीही नसते. परंतु सुरत, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यात फ्लॉपीचा संबंध केवळ कचेरीतील पत्रव्यवहाराशी नव्हता. संगणकाच्या आज्ञेने चालणारी भरतकामाची यंत्रे या धंद्यात आली, तेव्हा नक्षी यंत्रापर्यंत नेऊन पोचवण्याचे साधन फ्लॉपी हेच होते. चित्रकाराने काढलेली नक्षी टाक्याटाक्याने संगणकात बसवायची, हे काम करणाऱ्याला येथे ‘पंचिंग करणारा’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील झाकार याने मागासाठी पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या पट्ट्या वापरल्या. ‘पंचिंग’ हा शब्द त्या परंपरेचीच आठवण देतो. पुढे भोकांची पट्टी गेली आणि फ्लॉपी आली. आता फ्लॉपीच्या खाचेत पेनड्राइव्ह घेणारी पेटी बसवतात. परंतु मधल्या काळात केलेल्या नक्ष्यांचे डबे अजून कित्येक कपाटांत पडून आहेत.

अशा डब्यातली एक फ्लॉपी कोणी आजच्या संगणकाला जोडली, तर पुष्कळदा पडद्यावर एक प्रश्न येतो : “ही तबकडी फॉरमॅट केलेली नाही. आता करायची आहे काय?” प्रश्न सौम्य आहे, आणि ‘होय’ म्हणण्याचा मोह साहजिक आहे. परंतु त्या एका ‘होय’मध्ये महिनोन्महिन्यांचे कसब पुसले जाऊ शकते. हा प्रश्न संगणक का विचारतो, आणि तो विचारतो तेव्हा फ्लॉपी खरोखरच कोरी असते काय, हे समजण्यासाठी त्या पहिल्या चिठ्ठीची ओळख करून घेतली पाहिजे.

प्रथम फ्लॉपीची रचना पाहू. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कठीण कवचाच्या आत प्लास्टिकची एक पातळ, लवचीक चकती असते. तिच्या दोन्ही बाजूंवर चुंबकीय द्रव्याचा लेप असतो. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते आणि वरून व खालून एकेक वाचनशीर्ष तिला स्पर्श करते. शीर्ष एका जागी स्थिर धरले, तर त्याच्याखालून एक वर्तुळ फिरते. या वर्तुळाला ट्रॅक म्हणतात. शीर्ष थोडे आत सरकवले, की दुसरा ट्रॅक. असे प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक असतात. पोळीचे तुकडे करावेत तसे प्रत्येक ट्रॅकचे १८ भाग पाडलेले असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. एका सेक्टरात ५१२ बाइट मावतात. बाइट म्हणजे इंग्रजीतले एक अक्षर बसेल एवढी जागा. त्या जागेत ० पासून २५५ पर्यंतची कोणतीही संख्या ठेवता येते.

आता हिशेब सोपा आहे. ८० ट्रॅक, २ बाजू आणि १८ सेक्टर यांचा गुणाकार २,८८० होतो. त्याला ५१२ ने गुणले, की १४,७४,५६० बाइट येतात. फ्लॉपीवर छापलेला ‘१.४४’ हा आकडा याचाच. खरे पाहता तो आकडा काहीसा फसवा आहे. त्यात एकदा १,०२४ ने आणि एकदा १,००० ने भागलेले आहे. शाळेतल्या मुलाने असे केले, तर आम्ही त्याला गुण देणार नाही!

कारखान्यातून आलेल्या चकतीवर ही वर्तुळे आणि हे भाग आपोआप नसतात. ते आखावे लागतात. वहीच्या कोऱ्या पानावर रेघा मारल्यावाचून हिशेब मांडता येत नाही, तसेच हे आहे. या आखणीलाच ‘फॉरमॅट करणे’ म्हणतात. परंतु रेघा सर्वांनी सारख्या मारल्या, असे झाले नाही, आणि खरी अडचण तेथूनच सुरू झाली.

फ्लॉपी प्रथम १९७१ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणली; ती आठ इंची होती. १९७६ साली सव्वापाच इंची फ्लॉपी आली. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक निघाला, तेव्हा त्याची फ्लॉपी एकाच बाजूने वापरली जाई. तिच्यावर ४० ट्रॅक आणि प्रत्येक ट्रॅकवर ८ सेक्टर, म्हणजे एकूण १६० किलोबाइट जागा असे. पुढल्याच वर्षी दोन्ही बाजू वापरात आल्या आणि जागा ३२० किलोबाइट झाली. १९८३ साली ट्रॅकवर आठांऐवजी नऊ सेक्टर बसू लागले. त्यातून १८० आणि ३६० किलोबाइटचे दोन प्रकार निघाले. १९८४ साली १.२ मेगाबाइटची सव्वापाच इंची फ्लॉपी आली. त्यामागून साडेतीन इंची फ्लॉपी प्रथम ७२० किलोबाइटची आणि १९८७ साली १.४४ मेगाबाइटची अशी आली. बाहेरून पाहता ३६० किलोबाइटची फ्लॉपी आणि १६० किलोबाइटची फ्लॉपी यांत फरक दिसत नसे. मग आत घातलेल्या तबकडीची आखणी कोणती, हे संगणकाने ओळखायचे कसे?

आरंभी यावर एक कामचलाऊ उपाय होता. फ्लॉपीवरील जागावाटपाच्या तक्त्यातला पहिलाच बाइट खूण म्हणून वापरला जाई. तेथे २५४ असेल तर १६० किलोबाइट, २५५ असेल तर ३२०, २५३ असेल तर ३६०, अशी संगणकाला शिकवण होती. परंतु एका अंकात किती सांगणार? पुढे २४९ ही एकच खूण सव्वापाच इंची १.२ मेगाबाइटची फ्लॉपी आणि साडेतीन इंची ७२० किलोबाइटची फ्लॉपी, या दोहोंच्या वाट्याला आली. गावात एकाच नावाची दोन माणसे असली आणि पत्रावर केवळ नावच लिहिलेले असले, तर टपालवाल्याची जी अवस्था होते, तीच येथे होणार हे उघड आहे.

म्हणून १९८३ च्या मार्चमध्ये निघालेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने निराळा मार्ग धरला. खुणेवरून तर्क करण्याऐवजी आखणीची सर्व मापे फ्लॉपीवरच, ठरलेल्या जागी, स्पष्ट लिहून ठेवावी, असे ठरले. ती जागा म्हणजे सर्वांत बाहेरच्या ट्रॅकचा पहिला सेक्टर. त्यालाच बूट सेक्टर म्हणतात.

येथे विचारी श्रोत्याला एक कोडे पडेल. फ्लॉपी कशी वाचावी हे चिठ्ठीत लिहिले आहे; पण चिठ्ठीही फ्लॉपीवरच आहे; मग चिठ्ठी वाचायची कशी? कुलपाची किल्ली पेटीतच ठेवून पेटीला कुलूप लावावे, तसा हा प्रकार दिसतो. उत्तर असे, की आखणी कोणतीही असो, पहिल्या ट्रॅकवर पहिला सेक्टर असतोच. प्रत्येक सेक्टरच्या अगोदर त्याचा क्रमांक चुंबकीय खुणांनी लिहिलेला असतो, तो पाहून यंत्राला ‘क्रमांक एक’ हुडकता येतो. त्यापुढचे काहीही ठाऊक नसले तरी एवढे पुरते. अनोळखी ग्रंथाची पाने किती, प्रकरणे किती, हे आपणास ठाऊक नसते. परंतु मुखपृष्ठ उलटल्यावर अनुक्रमणिका भेटते, एवढी रूढी ठाऊक असली की काम भागते. ज्ञानाचा प्रारंभ अशा एखाद्या ठरलेल्या रूढीपासूनच व्हावा लागतो.

आता ही चिठ्ठी उलगडून पाहू. १.४४ मेगाबाइटच्या सर्वसाधारण फ्लॉपीवर पहिले तीन बाइट एका उडीचे असतात. त्यांच्याविषयी पुढे सांगेन. त्यानंतरच्या आठ बाइटांत आखणी ज्या प्रणालीने केली तिचे नाव असते. मापे सुरू होतात ती त्यापुढे. पहिले माप सेक्टर किती बाइटांचा हे सांगते, उत्तर ५१२. दुसरे, फाइलींना जागा देताना किती सेक्टरांचा एक गट धरावा. या फ्लॉपीवर १. तिसरे, आरंभी राखून ठेवलेले सेक्टर किती. १, म्हणजे खुद्द हा बूट सेक्टर. चौथे, जागावाटपाच्या तक्त्याच्या प्रती किती, २. पाचवे, मुख्य सूचीत किती नावे मावतात; २२४. सहावे, एकूण सेक्टर किती, २,८८०. सातवे, जुन्या पद्धतीची एका बाइटाची खूण, २४०. आठवे, तक्त्याची एक प्रत किती सेक्टरांची, ९. नववे, एका ट्रॅकवर सेक्टर किती, १८. आणि दहावे, शीर्षे किती; २.

या संख्या लिहिण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. एका बाइटात २५५ हून मोठी संख्या मावत नाही. म्हणून २,८८० साठी दोन बाइट लागतात, आणि त्यांतला लहान भाग आधी लिहिला जातो. तेथे ६४ आणि ११ असे अंक आढळतात. ११ गुणिले २५६ म्हणजे २,८१६, त्यात ६४ मिळवा, २,८८० झाले. आपण मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारतो आणि दशक मागून. तेव्हा ही रीत आपणास तरी विचित्र वाटू नये.

चिठ्ठीत ट्रॅक किती, हे मात्र कोठेही लिहिलेले नाही. ते काढून घ्यायचे असते. एकूण २,८८० सेक्टरांना १८ आणि २ यांच्या गुणाकाराने भागले, की ८० येतात. तसेच फाइलींची जागा कोठून सुरू होते, हेही लिहिलेले नाही. तेही गणिताने निघते. राखीव सेक्टर १. तक्त्याच्या दोन प्रतींचे १८. सूचीत एका नावाला ३२ बाइट लागतात, म्हणून २२४ नावांचे १४ सेक्टर. बेरीज ३३. उरले २,८४७ सेक्टर, म्हणजे १४,५७,६६४ बाइट. फ्लॉपी नवी असताना संगणक जी मोकळी जागा दाखवतो, ती हीच. चिठ्ठीतला एक अंक जरी चुकला, तरी ही सारी गणिते चुकतात, आणि संगणक भलत्याच ठिकाणी सूची शोधू लागतो. माल जागच्या जागी असतो. पत्ता मात्र चुकलेला असतो.

याच सेक्टरात आणखी एक भाडेकरू राहतो, आणि पुढील उपद्रवाचे मूळ त्याच्यात आहे. संगणक सुरू होताना फ्लॉपी आत असेल, तर यंत्र तिचा पहिला सेक्टर स्मरणात घेते आणि त्यात जी आज्ञा असेल ती चालवू लागते. आज्ञा कोणी लिहिली, कोणत्या हेतूने लिहिली, याची ते विचारपूस करीत नाही. म्हणून पहिल्या तीन बाइटांत एका उडीची आज्ञा असते. मधली मापांची चिठ्ठी म्हणजे काही आज्ञा नव्हेत. त्या आज्ञा समजून चालवल्या तर यंत्र गोंधळेल. म्हणून उडी मारून चिठ्ठीच्या पलीकडे जायचे, आणि तेथील छोट्या कार्यक्रमापासून कामास लागायचे. फ्लॉपीवर डॉस प्रणाली असेल, तर तो कार्यक्रम ती आत घेतो. नसेल, तर ‘ही तबकडी प्रणालीची नाही, बदला आणि कोणतीही कळ दाबा’ असा निरोप देतो. सेक्टरचे अखेरचे दोन बाइट ८५ आणि १७० हे असतात. पत्राखालच्या सहीसारखे ते समजावे.

विचारपूस न करता आज्ञा पाळणे, हा गुण सेवकाच्या अंगी धोक्याचा असतो. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू-कार्यक्रम लिहिला. बूट सेक्टरातल्या कार्यक्रमाची जागा तो बळकावी, आणि एका फ्लॉपीवरून दुसरीवर जाई. चारच वर्षांनी, १९९० साली, भारतातच एक असा विषाणू आढळला, की ज्याचे नाव ऐकून मराठी माणसाला हसावे की रडावे ते कळू नये. त्याचे नाव ‘जोशी’. दर वर्षी ५ जानेवारीला तो संगणकाच्या पडद्यावर ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करण्याचा हुकूम सोडी, आणि त्या शुभेच्छा दिल्यावाचून यंत्र पुढे चालू देत नसे.

या वाढदिवसाच्या विनोदामागे आमच्या विषयाचा एक महत्त्वाचा धडा आहे. जोशीचे शरीर एका सेक्टरात मावणारे नव्हते. तेव्हा उरलेला भाग लपवायचा कोठे? ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर ४० ट्रॅक असतात. जोशीने त्यांच्या आत आणखी एक, एकेचाळिसावा ट्रॅक आखला, आणि आपला उरलेला भाग व मूळचा बूट सेक्टर तेथे नेऊन ठेवला. फ्लॉपीच्या चिठ्ठीवर एकूण सेक्टर ७२० असे लिहिलेले असल्यामुळे डॉस त्या हद्दीपलीकडे कधी पाहतच नसे. गावाच्या नकाशात जे घर नाही, त्याची झडती कोण घेणार? आणि दुसरी गोष्ट : असा विषाणू मापांच्या चिठ्ठीला सांभाळूनच राहतो, कारण चिठ्ठी बिघडली तर फ्लॉपी वाचता येणार नाही, मालकाला संशय येईल, आणि चोर उघडा पडेल. घर लुटणाऱ्यानेही दारावरची पाटी जपावी, असा हा व्यवहार होता.

संगणक बंद करताना फ्लॉपी आत विसरावी आणि सकाळी तसेच बटण दाबावे, एवढी एक सवय अशा विषाणूंच्या प्रसाराला पुरेशी होती. त्यांचा बंदोबस्त करण्यातून महाराष्ट्रात एक उद्योगही उभा राहिला. पुण्यात कैलास काटकर यंत्रदुरुस्तीचा व्यवसाय करीत. दुरुस्तीला येणारे संगणक विषाणूंनी ग्रासलेले असत. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते स्वच्छ करण्याचे कार्यक्रम लिहिले, आणि १९९० नंतरच्या त्या दशकात ‘क्विक हील’ हे नाव पुढे आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. “ही तबकडी फॉरमॅट केलेली नाही,” असे संगणक म्हणतो, त्याचा नेमका अर्थ काय? त्याचा अर्थ एवढाच, की त्याला कळेल अशी चिठ्ठी पहिल्या जागी सापडली नाही. तबकडी कोरी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. याला तीन कारणे संभवतात.

पहिले कारण, चिठ्ठीच खराब झालेली असणे. ओल, बुरशी, धूळ, चुंबक यांपैकी कशानेही पहिला सेक्टर बिघडू शकतो. आणि सुरतेच्या बाजूच्या पावसाळ्यात बुरशीचा धोका निराळा सांगायला नको. जागावाटपाच्या तक्त्याच्या दोन प्रती फ्लॉपीवर असतात. परंतु या चिठ्ठीची दुसरी प्रत नसते. तथापि येथे आशेला जागा आहे. एकाच प्रकारच्या फ्लॉपीवरील मापे सारखीच असतात. म्हणून जाणकार मनुष्य दुसऱ्या निरोगी फ्लॉपीची मापे घेऊन ही फ्लॉपी वाचू शकतो. हरवलेली चिठ्ठी पुन्हा लिहिता येते. कारण तिच्यात त्या एका तबकडीचे गुपित नसून सर्व जातीचे माप असते.

दुसरे कारण, फ्लॉपी निराळ्या चालीची असणे. भरतकामाची यंत्रे करणाऱ्या कंपन्यांनी, ताजिमा व बारुदान या जपानी आणि झेडएसके या जर्मन कंपनीने, एके काळी डॉसच्या रीतीहून निराळ्या, आपापल्या आखणीच्या फ्लॉप्या वापरल्या. त्यांवर डॉसची चिठ्ठी नसतेच. म्हणून घरचा संगणक त्यांना ‘कोऱ्या’ म्हणतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद ज्याला मोडी येत नाही त्याच्या हाती दिले, तर त्याने ‘यावर काही लिहिलेले नाही’ असे म्हणावे, तसेच हे आहे. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे. वाचणाऱ्याची लिपी तेवढी निराळी आहे. भरतकामासाठी केलेल्या काही संगणक-कार्यक्रमांत या निराळ्या फ्लॉप्या वाचण्याची सोय असते, आणि शेवटचा उपाय म्हणून तबकडीवरची चुंबकीय स्पंदने जशीच्या तशी टिपून घेणारी साधनेही आता मिळतात.

तिसरे कारण सर्वांत साधे : वाचणारे यंत्रच मळलेले किंवा झिजलेले असणे. दुसऱ्या यंत्रात तीच फ्लॉपी सुरळीत वाचली जाते, असे पुष्कळदा होते.

या तिन्ही प्रसंगी ‘होय’ हे उत्तर चुकीचे आहे. फॉरमॅट करणे म्हणजे नवी चिठ्ठी लिहिणे आणि सूची व तक्ता कोरा करणे. पूर्ण फॉरमॅट केले, तर जुनी नक्षीही नव्या आखणीखाली जाते. मोडी कागद वाचता येत नाही म्हणून त्यावर चुना फासून ‘आता कागद स्वच्छ झाला’ म्हणावे, तशातला हा प्रकार होईल.

चिठ्ठीची ही रीत फ्लॉपीपुरतीच नाही, हे भरतकामाच्या फाइलीतही दिसते. ताजिमाच्या नक्षीच्या फाइलीला डीएसटी म्हणतात. तिच्या आरंभीही बरोबर ५१२ बाइटांची एक चिठ्ठी असते. तिच्यावर नक्षीचे नाव, टाक्यांची संख्या, दोरा किती वेळा बदलायचा तो आकडा, आणि नक्षी मध्यबिंदूपासून चारही दिशांना किती पसरते ती मापे लिहिलेली असतात. ती मापे मिलिमीटरच्या दहाव्या भागात असतात. त्यानंतर एकेका टाक्याला तीन बाइट, असे टाके ओळीने येतात. या हिशेबाने १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर एकच मोठी नक्षी भरली, तर सुमारे ४ लाख ८५ हजार टाके मावतील. साडीचा केवढा पदर त्या तळहाताएवढ्या तबकडीत सामावतो!

परंतु एक गोष्ट त्या चिठ्ठीत नाही. दोरा किती वेळा बदलायचा हे तिच्यात आहे. कोणत्या रंगाचा घ्यायचा, हे नाही. यंत्र सातव्यांदा थांबेल. तेव्हा मोरपंखी दोरा लावायचा की डाळिंबी, हे त्या नक्षीच्या कारागिराला ठाऊक. त्याने ते वहीत टिपून ठेवले असेल तर ठीक. नाही तर तो गावी परतला, की रंगही त्याच्याबरोबर गेले. आमच्या भागातील पुष्कळ कारागीर नंदुरबार, धुळे, जळगावकडून ताप्तीच्या रेल्वेने आलेले आहेत, आणि माणसे जशी येतात तशी जातातही. चिठ्ठीवर जे लिहिले नाही ते माणसाच्या स्मरणात राहते, आणि स्मरण माणसाबरोबर प्रवास करते. ज्याने नक्षी पंच केली, त्याचे नावही त्या चिठ्ठीत असावेच असा नियम नाही. पुष्कळदा तेथे केवळ एक क्रमांक असतो.

म्हणून ज्यांच्याकडे असे डबे असतील, त्यांना काही सूचना कराव्याशा वाटतात. फ्लॉपी यंत्रात घालण्यापूर्वी तिचे लेखन बंद करावे. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यात सरकते बोटुक असते. ते सरकवून छिद्र उघडे केले, की तिच्यावर काही लिहिले जात नाही. जुन्या सव्वापाच इंची फ्लॉपीची रीत उलटी आहे. तिच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी लागते. बुरशीचे डाग दिसत असतील, तर ती तशीच घालू नये. शीर्ष आणि तबकडी दोन्ही खराब होतात. नंतर एकेक फाइल उचलत बसण्यापेक्षा पहिल्या सेक्टरापासून शेवटच्यापर्यंत सबंध फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत एका फाइलीत घ्यावी. त्यात बूट सेक्टर, तक्ते, सूची, सर्व येते. आणि काही वाचले गेले नाही, तरी पुढे कोणी जाणकार त्या प्रतीवर प्रयत्न करू शकतो. आठ गिगाबाइटच्या साध्या पेनड्राइव्हवर अशा पाच हजारांहून अधिक फ्लॉप्यांच्या प्रती राहतात. तेव्हा जागेची सबब चालणार नाही. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्या.

आणि शेवटची सूचना कागदाची. प्रत्येक प्रतीबरोबर एक साधी चिठ्ठी मराठीत, गुजरातीत, ज्या भाषेत सोयीचे असेल त्या भाषेत लिहून ठेवावी : ही नक्षी कोणत्या यंत्राची, कोणी पंच केली, कोणत्या साली, आणि रंग कोणत्या क्रमाने. शाळांतील जुने निकाल, सोसायट्यांचे जमाखर्च, गावोगावच्या संस्थांच्या याद्या ज्या फ्लॉप्यांवर आहेत, त्यांनाही हीच सूचना लागू पडते. ज्याच्या पोटाचा आधार एके काळी ती नक्षी होती, त्या कारागिराचे नाव त्या चिठ्ठीत आवर्जून घालावे.

१९८३ साली डॉसच्या रचनाकारांनी जी मापे फ्लॉपीवर लिहून ठेवली, ती एवढ्या वर्षांनंतरही वाचता येतात. कारण ‘वाचणाऱ्याला ठाऊकच असेल’ असे त्यांनी गृहीत धरले नाही. पुढे येणारा मनुष्य अनोळखी असेल, त्याला आपला व्यवहार माहीत नसेल, असे समजूनच चिठ्ठी लिहावी लागते. तशी ती लिहिलेली असली, की माल आपल्या घरी पोचतो. आणि पडद्यावर तो प्रश्न आला, तर तूर्त ‘नाही’ म्हणण्याचा धीर आपणापाशी असला, की पुरे.